नागिणीची दोन टोकं

नागीण दिसते नंतर, दुखते आधी. संक्रांत झाल्यावर माझ्या डाव्या छातीखाली, बरगडीच्या कडेनं जळजळ सुरू झाली तेव्हा अंगावर काहीच नव्हतं. कातडी स्वच्छ, सूज नाही, लाली नाही. तरी नुसता पदर घासला तरी जीव कळवळावा इतकी ती जागा हुळहुळी झाली होती. आमच्या तासगाव भागात हे दिवस द्राक्षं तोडण्याचे. घरात माणसांची ये-जा, क्रेटांची उचल-ठेव, आणि शाळेतून आल्यावर माझाही त्यात हात असतोच. त्यामुळे आमचे हे म्हणाले, लचक भरली असेल. मुलाला मात्र डावी बाजू म्हटल्यावर वेगळीच धास्ती वाटली. वय छप्पन्न, त्यात जुना मधुमेह. तो मला तसाच गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. ईसीजी काढला, हृदय ठीक निघालं. पित्ताची गोळी, दुखण्याची गोळी घेऊन आम्ही परत आलो.

असं पुष्कळांचं होतं, हे मला पुढे कळलं. पुरळ उठायच्या दोन-चार दिवस आधीपासून त्या पट्ट्यात आग होते, ठणका लागतो, मुंग्या येतात. दुखणं छातीवर असेल तर माणूस हृदयविकाराला भितो, पोटाच्या कडेला असेल तर मुतखडा वाटतो, कपाळावर असेल तर अर्धशिशी. डॉक्टरांपुढे बघायलाच काही नसतं. त्या पित्ताच्या गोळीबद्दल माझ्या मनात कुणाविषयी राग नाही.

मग एका सकाळी अंघोळीला बसले आणि बोटांना लागलं. तांबूस चट्टा, त्यावर मोहरीएवढे पाण्याचे फोड, झुबक्यांनी. छातीखालून सुरू होऊन काखेखालून पाठीकडे गेलेले. जाऊबाईंना हाक मारली. त्यांनी पाठ पाहिली आणि एक पाऊल मागं सरकल्या. “ताई, नागीण हाय ही. तोंड म्होरं आलंय आन् शेपूट पाठीत.”

घरात एकदम धावपळ झाली. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या अंथरुणावरूनच मुलाला सांगायला लागल्या, पलीकडच्या वाडीवर एक जण काव लावतो, मंत्र टाकतो, त्याला घेऊन ये. तोवर हरळी आन् तांदूळ वाटून लावा. तोंडाला शेपूट मिळायच्या आत झालं पायजे, मिळालं की माणूस हाताला लागत न्हाई. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी आयुष्यात पाहिलेल्या, ऐकलेल्या सगळ्या नागिणी त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या असणार.

माझ्या डोळ्यांपुढे आली ती माझी आत्या. मी चौथीत असेन, सत्तरचं दशक. आत्याला नागीण उठली ती कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, तिथून पापणीवर आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत. काव लावली, पाला बांधला. फोड वाळले, पण डोळा लाल तो लालच राहिला आणि पुढं बुबुळावर पांढरट फूल पडलं. सुईत दोरा ओवायची वेळ आली की ती मान तिरकी करून डावा डोळा पुढं करायची. घरचे म्हणायचे, नागिणीनं डोळा डसला. लहानपणी ऐकलेलं ते वाक्य मी कधी विसरले नाही. त्यामुळे सासूबाईंच्या पायांवर हात ठेवून मी म्हटलं, आई, मी आत्ता मिरजेला जाते. काव नको. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून आमच्या भागातल्या माणसाला दुखणं म्हणजे मिरज. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी एकदाच नजर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, “फोड पहिल्यांदा कधी दिसले?” आज सकाळी, म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “बाई, फार बरं केलंत. या दुखण्यात ७२ तासांना किंमत आहे.” फोड उठल्यापासून साधारण ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर फोड लवकर वाळतात आणि तीव्र कळा लवकर ओसरतात. उशीर झाला म्हणून औषध द्यायचंच नाही असं नाही. नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ असेल, रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर नंतरही देतात. पण जेवढं लवकर तेवढं चांगलं. त्यांच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण, त्या म्हणाल्या, आठवडा उलटून, अंगावर काव घेऊन येतात.

दुसरा प्रश्न : लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?

आल्या होत्या. भावंडांना एकापाठोपाठ एक आल्या, तशा मलाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलेला, घरात फोडणी बंद, आणि पाहुण्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवायचे. त्या कांजिण्या गेल्या असं आपण म्हणतो, पण त्यांचा विषाणू जात नाही. फोडांतून तो कातडीखालच्या मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या वाटेनं पाठीच्या कण्याजवळ त्या तंतूंच्या ज्या गाठी असतात, त्यांच्यात जाऊन पडून राहतो. चाळीस वर्षं, पन्नास वर्षं. बागेतली हरळी वरून कितीही खुरपली तरी तिची कांडी मातीत जिवंत असतात आणि पाणी मिळालं की फुटतात, तसं हे. वय वाढलं, मधुमेह असला, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, एचआयव्हीची बाधा असली, की शरीराची राखण सैल पडते. मग एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेनं परत कातडीकडे येतो. वाटेत त्या तंतूला सूज आणतो, म्हणून फोडांच्या आधी दुखतं.

कांजिण्या आणि नागीण एकाच मुळाच्या आहेत अशी शंका युरोपातल्या डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली, कारण घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी लहान मुलांना कांजिण्या उठताना त्यांना दिसत. पण विषाणू अंगातच झोपून राहतो हा विचार १९६५ साली नीट मांडला तो एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या साध्या फॅमिली डॉक्टरांनी. सिरेन्सेस्टर या लहानशा गावात त्यांचा दवाखाना. सुमारे साडेतीन हजार माणसांच्या त्या वस्तीत १६ वर्षांत नागिणीचे जेवढे रुग्ण आले, त्या १९२ जणांची त्यांनी नोंद ठेवली आणि त्या नोंदींवरून हा निष्कर्ष काढला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. मोठी प्रयोगशाळा नाही, हाताशी फक्त रोजचे रुग्ण आणि वही. हजेरीपत्रकं आणि नोंदवह्या भरण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे अशा कामाचं मोल मला कळतं.

मी डॉक्टरबाईंना सासूबाईंचा प्रश्न विचारला. दोन टोकं मिळाली तर?

त्यांनी माझ्या पाठीवर बोट टेकवलं, कण्यावर. “तुमचे फोड इथं थांबलेत.” मग पुढं, छातीच्या मधोमध. “आणि इथं. पलीकडे जाणार नाहीत.” कण्यातून निघणारा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा मालक असतो. डावीकडचा तंतू पाठीच्या मध्यरेषेपासून निघून छातीच्या मध्यरेषेपर्यंत येतो आणि संपतो. जागा झालेल्या गाठीचा जेवढा पट्टा, तेवढीच नागीण. १९०० साली हेन्री हेड आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी नागीण होऊन गेलेल्या मृत रुग्णांच्या मज्जातंतूंच्या गाठी तपासून, कुठल्या गाठीचा पट्टा अंगावर कुठून कुठे जातो याचा नकाशाच काढला होता. म्हणजे टोकं जुळत नाहीत ती कावेमुळे नव्हे. ती जुळण्यासारखी नसतातच.

मिरजेहून परत येताना गाडीत मी याच गोष्टीचा विचार करत होते. काव लावणारा माणूस वचन देतो की मी टोकं जुळू देणार नाही, आणि ते वचन दर वेळी खरं ठरतं. तो सांगतो, पंधरा-वीस दिवसांत उतरेल, आणि तेही खरं ठरतं, कारण फोड आठ-दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी आपोआप भरून येते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा विश्वास बसला यात त्यांची काय चूक? शिवाय माझ्या आत्याच्या वेळी या दुखण्यावर औषधच नव्हतं. ॲसायक्लोव्हिर बाजारात आलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हाच्या माणसांनी हातात होतं ते केलं. आज मात्र औषध आहे, आणि ते ज्या दिवसांत घ्यायचं असतं तेच दिवस काव लावण्यात जातात. माझं भांडण एवढ्याशीच आहे. काव किंवा वाटलेला पाला उघड्या फोडांवर लावला की त्यांत पू होण्याचीही भीती असते, ती वेगळीच.

खरं भिण्यासारखं काय, तेही डॉक्टरांनी सांगितलं. फोड अंगभर, दोन्ही बाजूंना उठायला लागले तर प्रतिकारशक्ती फारच कमी झाली आहे असं समजायचं आणि तडक रुग्णालय गाठायचं. दोन्ही टोकं जुळण्याची जुनी भीती अशाच एखाद्या रुग्णावरून जन्मली असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं. कपाळावर किंवा पापणीवर फोड असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं. नाकाच्या शेंड्यावर एखादा जरी फोड असेल तरी डोळा धोक्यात आहे असं धरून चालायचं, कारण नाकाचा तो भाग आणि डोळा यांना एकाच मज्जातंतूची फांदी जाते. हे ऐकताना आत्याचं नाक मला स्पष्ट दिसलं. कानात फोड आणि चेहरा एका बाजूला वाकडा झाला, तर तेही तातडीचं.

घरी आल्यावर खरा पेच उभा राहिला. सून पाच महिन्यांची गरोदर.

सासूबाई आपल्याला लागेल म्हणून माझ्या खोलीत यायला तयार नव्हत्या, आणि सून मात्र माझी सेवा करायला पुढे. माझ्या अंगाखालची चादर काढायला ती वाकली तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. कारण डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. नागीण नागिणीतून लागत नाही. कुणाचीही नागीण त्याच्या स्वतःच्या अंगात झोपलेल्या विषाणूतून उठते. सासूबाईंना लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या, त्यांना माझ्यापासून भ्यायचं कारण नव्हतं. पण माझ्या फोडांतलं पाणी ज्याला कधीच कांजिण्या आल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही अशा माणसाला लागलं, तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. नागीण नव्हे, कांजिण्या. आणि गरोदरपणात कांजिण्या म्हणजे आईला न्यूमोनियाचा धोका, पोटातल्या बाळालाही धोका.

मग प्रश्न एकच राहिला, सुनेला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? तिला आठवेना. विहीणबाईंना आटपाडीला फोन केला. त्या म्हणाल्या, गोवर आलेला पक्का आठवतो, कांजिण्या तिच्या थोरल्या भावाला आल्या, तिला आल्या की नाही सांगता येत नाही. त्यांचा आवाज कापत होता. आपल्याकडे हे असं अनेक घरांत आहे. उष्ण प्रदेशात कांजिण्या थंड देशांपेक्षा उशिरा, मोठ्या वयातही येतात, त्यामुळे कांजिण्या न आलेली तरुण माणसं आपल्यात पुष्कळ असतात, आणि त्यांचं त्यांनाही ते ठाऊक नसतं.

सुनेचं रक्त प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी पाठवलं. अहवाल येईपर्यंत तिनं माडीवर राहायचं असं ठरलं. माझे फोड स्वच्छ, सैल सुती कापडानं झाकलेले. कांजिण्या श्वासातूनही पसरतात, नागीण त्या मानानं फारच कमी पसरते, आणि पट्टा झाकलेला असला तर आणखी कमी. तरी माझा टॉवेल, चादर, कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवायचे. हात सारखे धुवायचे. फोड फोडायचे नाहीत, खाजवायचे नाहीत. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की लागण्याची भीती संपते, तोवर एवढं पाळायचं. अहवाल आला. प्रतिपिंडं होती. कधीतरी लहानपणी तिला अगदी हलक्या कांजिण्या येऊन गेल्या असणार, कुणाच्या लक्षात न येता. प्रतिपिंडं नसती तर ती तयार स्वरूपात देणारं इंजेक्शन ठरावीक दिवसांच्या आत द्यावं लागलं असतं. तो कागद हातात आला तेव्हा यजमानांनी देवापुढे साखर ठेवली.

शाळेचंही तसंच. मुख्याध्यापकांनी फोनवर विचारलं, बाई, पोरांना काही होणार नाही ना? मी त्यांना खरं ते सांगितलं आणि खपल्या धरेपर्यंत रजा टाकली. आमच्या पहिलीच्या वर्गात कांजिण्यांची लस घेतलेली मुलं शोधून सापडायची नाहीत. ही लस सरकारच्या मोफत लसीकरणात नाही, पदरचे पैसे घालून खासगी दवाखान्यात घ्यावी लागते. गोवर-रुबेलाची लस आम्ही शाळेत मंडप घालून दिलेली आहे. कांजिण्यांचीही तशी मिळावी असं मला मनापासून वाटतं. कांजिण्यांची जिवंत पण दुबळी केलेली लस जपानमधल्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ सालीच तयार केली. पन्नास वर्षं झाली, आणि आमच्या पोरांच्या वाट्याला अजून कडुलिंबाचा पालाच.

गोळ्यांबद्दल सांगायचं तर व्हॅलासायक्लोव्हिर, एक ग्रॅमची, दिवसातून तीनदा, सात दिवस. मूळ औषध ॲसायक्लोव्हिर, ते ८०० मिलिग्रॅमचं दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं. व्हॅलासायक्लोव्हिरचं पोटात गेल्यावर ॲसायक्लोव्हिरच होतं, पण रक्तात ते जास्त उतरतं, म्हणून वेळा कमी. मला मधुमेह असल्यामुळे गोळ्यांचं प्रमाण ठरवण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी केली, आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. वर लावायला कॅलामाइन. साखर त्या दिवसांत चढलीच, ती रोज बघावी लागली.

हे औषध ज्यांच्या गटानं घडवलं त्या गरट्रूड एलियन यांच्याविषयी मी बरी होत असताना वाचलं. न्यूयॉर्कमध्ये जन्म, १९१८. पंधरा वर्षांच्या असताना आजोबा पोटाच्या कर्करोगानं गेले आणि त्यांनी रसायनशास्त्र शिकायचं ठरवलं. शिकल्या, पण बाई म्हणून प्रयोगशाळेत कुणी घेईना. काही काळ त्यांनी चक्क शाळेत शिकवलं. पुढं १९४४ मध्ये एका औषध कंपनीत संधी मिळाली. पीएचडी पूर्ण करता आली नाही, आणि १९८८ मध्ये नोबेल मिळालं. ॲसायक्लोव्हिरची खुबी अशी की ते विषाणूनं पछाडलेल्या पेशीतच जागं होतं, कारण त्याला चेतवणारं विकर विषाणू स्वतःच आणतो. मग ते विषाणूची नक्कल निघण्याचं काम मध्येच तोडतं. धडधाकट पेशींना त्याचा फारसा त्रास नाही. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन आला, तेव्हा शाळेत सी. व्ही. रामन यांच्यासोबत मी एलियनबाईंची गोष्ट सांगितली. सातवीतल्या मुली डोळे मोठे करून ऐकत होत्या. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना नोबेल, हे त्यांना फार आवडलं.

आता जे बोलायला अवघड, ते. नागीण सगळ्यांत जास्त उठते ती छाती-पाठीच्या पट्ट्यात. बाईच्या बाबतीत म्हणजे चोळीच्या आत. दाखवायचं कुणाला? डॉक्टर पुरुष असला तर तोंडच उघडत नाही. मी रजेवर असताना बागेत घड तोडायला येणारी एक बाई मला बघायला आली. दारातच थांबून इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, “बाई, माज्याबी कमरंला असंच उठलंय, परवाधरनं.” निऱ्या जिथं खोचतात तिथं, मांडीपर्यंत उतरलेले फोड. त्यावर नेसणीची गाठ घट्ट आवळून ती रोज ऊन चढेपर्यंत क्रेट उचलत होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, खाडा होईल म्हणून मुकादमालाही नाही. ॲसायक्लोव्हिर देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणून मुलाबरोबर तिला त्याच दुपारी सरकारी दवाखान्यात पाठवलं, आणि जाऊबाईंना मुद्दाम सोबत दिलं म्हणजे तिला कपडा सैल करायला संकोच वाटायला नको. माझ्यापासून मागं सरकलेल्या जाऊबाई तिच्या कमरेचे फोड स्वतःच्या हातानं झाकत होत्या, कारण आता त्यांना ठाऊक होतं की लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांमुळे आपल्याला भीती नाही. आपल्याकडे किती बायका पदराखाली हे सोसत असतील, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

झोप तशीही लागत नव्हती. खपल्या पडल्या, कातडीवर काळपट-पांढरे डाग राहिले, भेटायला येणारे म्हणू लागले, बरं झालं, उतरली एकदाची. आणि दुखणं मात्र राहिलं. आधीची जळजळ गेली आणि तिच्या जागी मध्येच लखकन् जाणारी कळ आली. सगळ्यांत वाईट म्हणजे साधा स्पर्श सोसेना. पंख्याचा वारा लागला तरी आग व्हायची. ब्लाउज घालणं म्हणजे शिक्षा. घरात मी यजमानांच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराचं फडकं छातीला गुंडाळून वर गाऊन घालत असे. अंगावर दाखवायला काही उरलेलं नाही, त्यामुळे लोकांना खरं वाटत नाही. “आता काय दुखतंय?” हा प्रश्न दुखण्याइतकाच लागतो.

हे दुखणं मनाचं नसतं. विषाणूनं तो मज्जातंतू जखमी केलेला असतो आणि तो चुकीचे निरोप धाडत राहतो, स्पर्शाला वेदना म्हणून सांगतो. तीन महिन्यांच्या पुढं हे टिकलं तर त्याला नागिणीनंतरची मज्जातंतूची वेदना म्हणतात. जेवढं वय जास्त तेवढा तिचा संभव जास्त. साठीपुढच्या काहींना ती वर्षभर, त्याहूनही जास्त पुरते, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या तशी, म्हाताऱ्या माणसाचं जेवण, झोप, बोलणं सगळं खाऊन टाकते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथं फारसा उपयोग होत नाही. मला त्यांनी गॅबापेंटिन दिलं, रात्री लहान डोसपासून, हळूहळू वाढवत. सुरुवातीला गरगरायचं, सकाळी डोकं जड. काहींना प्रीगॅबालिन देतात, काहींना नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलिन अगदी थोड्या प्रमाणात, काहींना जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्या. ही औषधं लागू पडायला दिवस जातात आणि मनानं बंद करायची नसतात. माझं दुखणं पाडव्यानंतर ओसरत गेलं. परीक्षेचे पेपर तपासताना एका दुपारी लक्षात आलं की बराच वेळ आपण त्या जागेचा विचारच केलेला नाही.

त्यानंतरच्या खेपेला मी लसीचं विचारलं. नागिणीची वेगळी लस आहे, शिंग्रिक्स नावाची. अमेरिकेत तिला २०१७ मध्ये मान्यता मिळाली, भारतात ती २०२३ मध्ये आली. ती कांजिण्यांच्या लसीसारखी जिवंत विषाणूची नाही, विषाणूच्या एका प्रथिनापासून केलेली आहे, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही चालते. शरीराला नीट जागं करण्यासाठी तिच्यात जे मिसळतात, त्यातला एक घटक चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्यातला फेस ज्या द्रव्यानं येतो त्याच कुळातलं ते द्रव्य. पन्नाशीच्या पुढं दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. मोठ्या चाचण्यांत तिनं नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलेलं आहे. दंड दुखतो, दिवसभर कणकण येते. आणि ती महाग आहे. आमच्यासारख्या पगार आणि बाग असलेल्या घरालाही विचार करावा लागतो, तर रोजंदारीवरच्या माणसाचं नाव काढायलाच नको. ही लस सरकारनं निदान मधुमेही आणि साठीपुढच्यांना स्वस्तात द्यावी, यासाठी शिक्षक संघटनेत मी बोलते आहे आणि बोलत राहणार आहे.

एकदा होऊन गेली म्हणजे पुन्हा नागीण होत नाही असं नाही, म्हणून मलाही लस घ्यायला सांगितली आहे, पूर्ण बरं वाटल्यावर. यजमानांचा पहिला डोस झाला. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या आधी नको म्हणाल्या, मग माझ्या कुशीवरचे डाग बघून म्हणाल्या, “तुज्यागत दुखत असंल तर टोच बाई.” त्यांचा नंबर पुढच्या महिन्यात.

नात झाली आहे. पंधरा महिन्यांची झाली की तिला कांजिण्यांच्या लसीचा पहिला डोस द्यायचा आहे, आणि त्याचे पैसे यंदाच्या बेदाण्याच्या पट्टीतून सुनेनं आत्ताच बाजूला काढून ठेवले आहेत. मी डॉक्टरांना विचारलं होतं, लसीतला विषाणूही जिवंत असतो, मग तोही हिच्या अंगात झोपून राहील का? त्यांनी सांगितलं, राहू शकतो, पण तो दुबळा असतो, आणि लस घेतलेल्या मुलांत नागिणीचं प्रमाण कांजिण्या येऊन गेलेल्या मुलांपेक्षा बरंच कमी आढळलं आहे.